हसऱ्या तोंडाचं यंत्र

जे यंत्र मला धड चालवता येत नव्हतं, ते यंत्र म्हणजे शुद्ध टाकाऊ माल आहे, असं मी एके काळी आमच्या अख्ख्या वाडीला पटवून दिलं होतं. नुसतं पटवून नव्हे, ठणकावून. पोस्टमन पत्र द्यायला आला तरी त्याला पडवीत बसवून मी विचारायची, "कॉम्प्युटर घेणार आहात का? घेतलात तर काळ्या पडद्याचा घेऊ नका." त्या बिचाऱ्याच्या सायकलीला घंटी नव्हती, तो कुठला कॉम्प्युटर घेतोय! पण मला कुणाला तरी सांगायचंच असे. आता माझ्या दोन नाती जेवायच्या टेबलावर आपापले लॅपटॉप उघडून भांडतात. एकीचा अर्ध्या खाल्लेल्या सफरचंदाचा, दुसरीचा खिडक्यांचा. ह्याला व्हायरस येत नाही, त्याच्यावर गेम चालत नाहीत, हा महाग, तो रडका. धाकटी तर हल्ली म्हणते की दोन्ही वाईट, पेंग्विनवालंच काय ते खरं. मी कुळथाची पिठी वाढता वाढता ऐकत असते. "आजी, तू सांग, कुठलं चांगलं?" असं विचारलं की मी म्हणते, जेवा आधी. त्यांना वाटतं म्हातारीला यातलं काही कळत नाही. वाटू दे. या विषयावर मी जेवढं बोलायचं तेवढं विशीतच बोलून संपवलं आहे, आणि त्याची किंमत दुसऱ्या कुणी दिली.

तेव्हा आम्ही मालवणात, गावाच्या अगदी कडेला राहत होतो. घरात बाबा, आई, मी, वहिनी आणि तिची सोनू. बाबा शाळेत मास्तर. दादा मुंबईला पंपाच्या जळालेल्या मोटारी रिवाइंडिंग करायच्या दुकानात होता, चार जणांत मिळून घेतलेल्या एका खोलीत झोपायचा आणि गणपतीला, शिमग्याला घरी यायचा. सोनू त्याला पहिले दोन दिवस ओळखायची नाही, तिसऱ्या दिवशी त्याच्या पाठीवर बसायची, आणि मग तो जायचा. वहिनी शिरोड्याची. लग्नाआधी वेंगुर्ल्याला जाऊन ती मराठी आणि इंग्रजी टायपिंग शिकली होती, दोन्ही परीक्षा पास. आमच्याकडे आल्यावर बाबांनी शाळेतला मोडका टायपरायटर दुरुस्त करून तिला आणून दिला होता. दुपारी जेवणं उरकली, भांडी पालथी घातली, आई जरा आडवी झाली, की पडवीतून टकटक सुरू व्हायची. इतकी एकसारखी की आई म्हणे, "वयनी टायप करूक लागली काय माका झोप लागता, आणि थांबली काय जाग येता." वहिनीची बोटं पाहण्यासारखी होती. सकाळी त्याच बोटांनी बांगडे साफ केलेले असत, त्यांना तिरफळाचा वास येत असे, आणि दुपारी तीच बोटं न बघता, न चुकता इंग्रजी उतारे लिहीत.

मी मात्र घरातली शहाणी. बी.ए. झाल्या झाल्या मी मामाकडे मुंबईला गेले, आणि छपाईची पानं कॉम्प्युटरवर लावायचा एक कोर्स करून आले. मामा एका जाहिरातीच्या ऑफिसात होता. तिथे नवी यंत्रं आली तेव्हा एक जुनं मॅकिन्टॉश, तेच ते सफरचंदवालं, त्याने मला मिळवून दिलं. गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन मी ते रातराणीने मालवणला आणलं. वाटेत कंडक्टरने विचारलं, "बाळ आहे का?" मी म्हटलं, "त्याहून नाजूक आहे." काय तो तोरा! घरी आल्यावर आईने त्याला हळदकुंकू लावलं. मी स्टॅबिलायझरचं बटण दाबलं, तो घुमायला लागला, मग यंत्राने एकदा गोड आवाज काढला आणि त्या वीतभर पांढऱ्या पडद्यावर एक चिमुकला हसरा चेहरा आला. आई दोन पावलं मागे सरली. "ह्या हसता गो!" मग मी माऊस दाखवला, त्याला उंदीर म्हणतात हेही सांगितलं. आई म्हणाली, "मशीनाचो उंदीर? मगे आमच्या मांजराक सांगून ठेव."

आठवडाभर लोक ते हसणारं यंत्र बघायला येत होते आणि मी एखाद्या जत्रेतल्या तंबूवालीसारखी ते दाखवत होते. बाण सरकवायचा, चित्रावर टिचकी मारायची, फाइल उघडते. नको असलेलं कचऱ्याच्या डब्याच्या चित्रात टाकायचं, डबा फुगतो. लोक हसायचे. फ्लॉपी आत फिरताना खर्र खर्र वाजायची, तेव्हा वहिनी म्हणाली, "झोपेत दात खाता ता." ही उपमा मला आवडली होती, पण मी तिला तसं सांगितलं नाही. मी म्हटलं, "वहिनी, त्याला डिस्क रीड होणं म्हणतात." अशी मी होते.

आमच्या शेजारी गडग्यापलीकडे, म्हणजे दगडी कुंपणापलीकडे, शैला राहायची. शाळेपासून माझ्या बरोबरीची. ती कुडाळला एका कॉम्प्युटर क्लासात शिकवायला जायची, रोज एस.टी.ने. तिच्याकडचे कॉम्प्युटर डॉसचे. काळाकुट्ट पडदा, कोपऱ्यात एक हिरवी रेघ लुकलुकतेय, बाकी काही नाही. चित्र नाही, बाण नाही, उंदीर नाही. काय करायचं ते तुम्ही अक्षरं टाईप करून सांगायचं, आणि एक अक्षर चुकलं की तो अंगावर खेकसणार. संध्याकाळी ती कुडाळहून आली की गडग्याला टेकून आमची जुंपायची. मुंबईहून आल्यापासून मी गडग्यावरही शुद्ध मराठी बोलत असे. राग आला की मात्र मालवणी आपोआप बाहेर पडायची.

"मंदा," शैला म्हणायची, "तुझ्या त्या डब्यातली फ्लॉपी भायर काढूक काय करूचा लागता गो?"

"कचऱ्याच्या डब्यावर ओढून न्यायची."

"म्हणजे आपण लिवलेला आपणच कचऱ्यात टाकूचा, मगे तां परत देतला? तुझ्या मशीनाक येड लागला हा!"

"आणि तुझं? आठ अक्षरांपेक्षा मोठं नाव घेत नाही फाइलला. तुझ्या बापाशीचा नाव पुरा मावणा नाय तेच्यात!"

तिच्या वडिलांचं नाव पुरुषोत्तम. डॉसमध्ये ते 'पुरुषोत' होऊन थांबत असे. त्यावर ते स्वतःच ओटीवरून ओरडले, "अगो, माझा नाव खंय कापतास?" आणि आम्ही तिघंही हसलो. पण शैला सोडणारी नव्हती. ती म्हणाली, "तुझा मशीन जिल्ह्यात एकच आसा. बिघडला काय मुंबैक धाडूचा लागतला, तुझ्याच मांडयेर. माझा बिघडला तर कुडाळात तीन माणसां आसत दुरुस्त करूक. आणि आता विंडोज येता म्हणतत. मगे आमच्याकडेय उंदीर, आमच्याकडेय चित्रां." मी म्हटलं, नक्कल ती नक्कल. काळा पडदा वर्षभरात मरणार, लिहून ठेव. खरं सांगते, तिचे मुद्दे पटत होते. एकुलतं एक यंत्र असलेल्या माणसाने, जिथे तिथे असणाऱ्या यंत्राला कमी लेखू नये, एवढं कळण्याइतकी अक्कल मला होती. पण पटतंय हे कबूल करायला जी लागते ती नव्हती.

डॉसवर माझा एवढा राग का, ते मी त्या काळात कुणालाच सांगितलं नाही. आज सांगते, कारण ऐकून हसणारे सगळे आता माझ्याहून लहान आहेत. मुंबईच्या क्लासात मागच्या खोलीत एक डॉसचा कॉम्प्युटर होता. पहिल्याच आठवड्यात सरांनी मला त्याच्यासमोर बसवलं आणि घाईघाईत म्हणाले, डिर टाईप कर. म्हणजे डी, आय, आर. आतल्या फाइलींची यादी दाखव असा त्याचा अर्थ. मला ऐकू आलं, डिअर. मला वाटलं, हे यंत्र इंग्रजी रीतीरिवाजातलं, त्याच्याशी पत्रासारखंच बोलायला हवं. मी व्यवस्थित टाईप केलं, डिअर, आणि पुढे स्वल्पविरामही दिला. यंत्राने उत्तर दिलं, बॅड कमांड ऑर फाइलनेम. खोलीतली मुलं खो खो हसली. कोर्स संपेपर्यंत माझं नाव डिअर मंदा. मी पुन्हा त्या खोलीत पाऊल टाकलं नाही, आणि परत येताना एस.टी.त ठरवून टाकलं की ज्याने माझा अपमान केला तो कॉम्प्युटरच वाईट. पुढचं सगळं तत्त्वज्ञान त्या एका स्वल्पविरामातून निघालं होतं.

अशातच वहिनीला जिल्ह्याच्या ठिकाणाहून, ओरोसहून, टायपिंगच्या परीक्षेचं बोलावणं आलं. एका ऑफिसात कॉम्प्युटरवर टायपिंग करणारी बाई हवी होती. बाबांनीच तिचा अर्ज लावला होता. नोकरी कायम, आणि मुख्य म्हणजे राहायला क्वार्टर. क्वार्टर हा शब्द घरात आला आणि वहिनी वेगळीच झाली. एरवी ती कधी काही मागायची नाही. आता भात ओतता ओतता मधेच विचारायची, "मंदा, क्वार्टराक मागचा दार असता? माका एक तुळस लावची होती." दादाने शेजारच्या फोनवर सांगितलं होतं, वहिनीला ओरोसला नोकरी लागली की तो मुंबई सोडणार, तिथेच मोटारी रिवाइंडिंगचं आपलं छोटं दुकान टाकणार. म्हणजे नोकरी एकट्या वहिनीची नव्हती. सोनूला रोज घरात बाप मिळणार की फक्त गणपती-शिमग्याला, एवढं त्या परीक्षेवर टांगलेलं होतं. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, मलाही.

मी म्हटलं, मी शिकवते. आणि शिकवलंही, मनापासून. ते तरी माझं खोटं नव्हतं. दुपारची टकटक आता माझ्या यंत्रावर व्हायला लागली. वहिनी सुरुवातीला बाण हलवताना सगळं अंगच त्या दिशेला वाकवायची. सोनू तिच्या मांडीत बसून हसऱ्या चेहऱ्याची वाट बघायची, तो आला की टाळ्या पिटायची. वहिनी मात्र हळूच पडद्याला नमस्कार करायची आणि मगच सुरुवात करायची. दुसऱ्याची वस्तू वापरायची तर त्याची परवानगी घ्यावी, तसं. थोड्याच दिवसांत ती माझ्यापेक्षा झरझर लिहायला लागली. तिची चूक काढायला मला काही सापडेना, म्हणून मी ती उंदीर कसा धरते यावरच बोलत बसे.

परीक्षेच्या आधी एका संध्याकाळी शैलाने मला गडग्यावर बोलावलं. भांडायच्या सुरात नाही. म्हणाली, "मंदा, मी चवकशी केलंय. ओरोसाक थंय आमच्यासारखीच मशीनां आसत. डॉसची. वयनीक माझ्याकडे वायच धाडून दी. सुरू झाल्यार काय करूचा, लिवूचा पान कसा उघडूचा, तेवढा शिकवतंय. टायपिंग तर तिका येताच." सांगायला लाज वाटते, पण ते ऐकताना वहिनी माझ्या मनात आलीच नाही. आलं ते एवढंच, की उद्या वहिनी कुडाळला गेली तर वाडीत काय म्हणतील. मंदाने शिकवलेलं कामाला आलं नाही, शेवटी शैलाकडे जावं लागलं. मी मान ताठ करून म्हटलं, "आमच्या वयनीक तुझो काळो पडदो बघूची गरज नाय. तिका खरो कॉम्प्युटर येता." शैला आत निघून गेली.

त्याच दिवशी रात्रीची पेज वाढताना वहिनीने विचारलं, "मंदा, थंय ह्याच मशीन असतला मा?" आणि मी, जिने वर्षभर दोन यंत्रांमध्ये जमीनअस्मानाचा फरक आहे म्हणून वाडी डोक्यावर घेतली होती, ती मी म्हटलं, "कॉम्प्युटर तो कॉम्प्युटर, वहिनी. एक आला की सगळे आले." बाबा समाधानाने मान डोलावत होते. मास्तरांच्या मुलीला सगळं कळतं!

परीक्षेच्या सकाळी आईने घावन घातले, नारळाचा रस काढला. वहिनीने लग्नातली निळी साडी नेसली. ओरोसच्या वाटेवरची कसालची गाडी धरायची होती म्हणून बाबा तिला स्टँडवर सोडून आले. दिवसभर आई दाराशी येऊन जाऊन होती. संध्याकाळी वहिनी परत आली ती चालतच आली, स्टँडवरून रिक्षा न करता. पाय धुतले, सोनूला कडेवर घेतलं, पाणी प्याली. मग बाबांनी विचारलं तेव्हा बोलली. आवाज नेहमीचाच होता.

"थंयल्या बाईन माका खुर्ची दाखवल्यान. म्हटल्यान, मशीन चालू आसा, बसा. मी बसलंय. पडदो काळो. एक रेघ तेवढी उघडझाप करी होती. माका वाटला अजून पुरा चालू होवक नाय. तो तोंडवळो येतलो, मगे सुरू करूया, म्हणान मी हात जोडून वाट बघीत रवलंय. बाजूची पोरां टायप करूक लागली. म्हटलंय तेंची मशीनां लवकर चालू झाली असतली. दुसऱ्याच्या वस्तूक आपण कसो हात लावचो?"

सोनूला दुसऱ्या कडेवर घेऊन ती पुढे सांगू लागली.

"मगे बाई येवन म्हणाली, अहो, सुरू करा, वेळ चाललाय. मी उंदीर शोधलंय. टेबलाच्या खाली पण बघितलंय. उंदीर नाय. मगे मी विचार केलंय, पडदो काळो तर काळो, अक्षरां तर उमटतत. उतारो लिवूक घेतलंय. एक पण चूक नाय केलंय, बाबा. पण दोन वळी झाल्यार तां पुढे घेयनाच. नुसता टूं टूं करूक लागला. सगळे माझ्याकडे बघूक लागले. शेवटाक मी उजव्या बाजूची मोठी कळ दाबलंय, आणि तेणां इंग्रजीत लिवल्यान."

"काय लिवल्यान?" आईने विचारलं.

"बॅड कमांड," वहिनी म्हणाली. "वायट, म्हणता."

लिहायचं पान उघडायला त्या यंत्रावर दोन अक्षरं टाईप करायची होती. डब्ल्यू आणि एस. हे मला नंतर कळलं. शैलाला ते शिकवायला एक दुपार पुष्कळ झाली असती, आणि पुढचं काम वहिनीच्या बोटांनी केलं असतं, त्या खोलीतल्या कुणाहीपेक्षा चांगलं. बाबा उठून अंगणात गेले. आई म्हणाली, "जावंदे, आपल्या नशिबात नव्हता." माझ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. माझी चूक कुणाच्या ध्यानातच आली नव्हती. सगळ्यांना वाटत होतं, यंत्रच दगाबाज निघालं. मी तोंड उघडलं असतं तर त्याच क्षणी उघडायला हवं होतं. पण मी स्वयंपाकघरात जाऊन सोलकढीला फोडणी देत बसले. सोलकढीला फोडणी देत नाहीत, हे आईने येऊन सांगितल्यावर माझ्या लक्षात आलं.

क्वार्टर दुसऱ्या कुणाला मिळालं. दादा मुंबईतच राहिला, पुढे कितीतरी वर्षं. सोनू तिसऱ्या दिवशी बापाच्या पाठीवर बसायच्या वयातून निघून गेली, तरी तो गणपती-शिमग्यालाच येत होता. मी यंत्रावर गोधडी टाकली. हसरं तोंड बघवेना. शैलाने मला एका शब्दाने टोचलं असतं तर बरं वाटलं असतं, तेवढंच फिटल्यासारखं. पण ती गडग्यावर आली की पावसापाण्याचं, माशांचं बोलायची. कॉम्प्युटरचा विषय तिने माझ्यापाशी परत काढला नाही. आमची जुगलबंदी ऐकायला येणारे तिचे वडीलही ओटीवर गप्प बसायला लागले.

मग ओल्या काजूंचे दिवस आले. वहिनी मागच्या पडवीत पाटावर बसून काजू फोडत होती. हाताला तेल लावलेलं, तरी चिकाने बोटांची टोकं काळी पडलेली. तीच बोटं. मी समोर बसले, एक काजू उचलला, आणि तो फोडायच्या ऐवजी सगळं बोलून टाकलं. शैलाने बोलावलं होतं ते, मी नको म्हटलं ते, का म्हटलं ते. मुंबईचं डिअरही सांगितलं. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा पाट सोडून उठून जाईल. मी तयार होते. वहिनीने हातातला काजू फोडून गर वाटीत टाकला, आणि वर न बघता म्हणाली, "ठावक आसा माका, बाय. शैला माका पण बोलवूक इल्ली. मी गेलंय नाय. म्हटलंय, मंदा इतक्या हौसेन शिकयता, तिका वायट वाटात."